अंगठ्याचा पाव

बेकरीत घड्याळ होते, पण ते पुढे दुकानात, गिऱ्हाइकांसाठी. मागे भट्टीच्या खोलीत मोठीबाईंच्या कामाची वेळ प्रार्थनेच्या ग्रंथावर मोजली जाई. पीठ मळायला घेतले की त्या पाहुणचाराचा अध्याय म्हणायला लागत. अर्धा अध्याय होईपर्यंत मळले की पीठ हाताला चिकटेनासे होई आणि बोटाने दाबले तर हळूच वर येई. मग ते फुगायला ठेवायचे आणि गप्प बसायचे. उरलेला अर्धा अध्याय पीठ फुगून आल्यावर, पावांना आकार देताना म्हणायचा. पाव भट्टीत गेले की पेरणीचा अध्याय, तोही दोनदा. दुसऱ्यांदा संपला की वरचा पापुद्रा हवा तसा तांबूस झालेला असे. सासूबाईंनी त्यांना असेच शिकवले होते आणि त्यांनी आपल्या सुनेला. गल्लीतले लोक कौतुकाने म्हणत, या घरचा पाव देवाच्या नावाने फुगतो. मोठीबाई म्हणत, "फुगतो खमिरानं. देवाच्या नावानं करपत नाही, एवढंच."

त्या दिवशीही सकाळ नेहमीसारखीच सुरू झाली. मोठीबाईंच्या मुलाने दुकानाची फळी उघडली, पहिले पाव कपाटात लावले, काचेवरची पिठाची बोटे पुसली. नात दप्तर पाठीला लावून घरभर फिरत होती. ती एका जागी कधीच नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. फरक एवढाच होता की पूर्वी पिठाची पोती ठेवायची ती मागची खोली आता रिकामी केली होती, आणि तिथे सून राहत होती.

सून गेल्या आठवड्यात गावाबाहेरच्या छातीच्या दवाखान्यातून परत आली होती. तिला क्षय झाला होता. ती औषधांचा पूर्ण क्रम संपवून आली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुलाला समोर बसवून सांगितले होते, "सगळ्या तपासण्या स्वच्छ आहेत. घरी न्या, एका ताटात जेवा, लेकीला कुशीत घेऊन झोपू दे हिला. हा आजार ताटावाटीतून पसरत नाही. औषध न घेतलेल्या रोग्याच्या खोकल्यातून, हवेतून पसरतो. हिच्यापासून आता कोणालाही काही व्हायचं नाही." मुलाने मान हलवली होती. त्याला सगळे समजले होते. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्या घरात जे झाले ते अज्ञानातून झाले नाही.

घरी आल्यावर सुनेला तिचे ताट वेगळे मिळाले, पेला वेगळा मिळाला. पेल्याच्या काठावर खिळ्याने एक ओरखडा काढलेला होता. कोणी काढला ते तिने विचारले नाही.

"आई," भिंगरी मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी उभी होती. आत जायचे नाही हे तिला सांगून ठेवले होते. "तू बाहेर कधी येणार?"

"येईन की."

"आजी म्हणते तू बरी झालीस."

"झालेय."

"मग मला वेणी घाल."

सून उठली. उंबऱ्यापर्यंत आली आणि आपणहून थांबली. "आजीकडून घालून घे, राणी."

"आजी किती ओढते! माझे डोळे असे होतात." भिंगरीने दोन्ही बोटांनी डोळ्यांचे कोपरे वर ओढून दाखवले.

सुनेला हसू फुटले. पण हसताहसताच तिने हाताने तोंड झाकले आणि भिंतीकडे वळली. हसू भिंतीला देऊन झाल्यावरच ती पुन्हा लेकीकडे वळली.

भट्टीच्या खोलीतून मोठीबाईंनी हे पाहिले. हातात गरम पत्रा होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भिंगरे, चल, शाळेला उशीर होतोय."

*

त्या गावातल्या प्रार्थनाघराची एक रीत होती. आठवड्याची प्रार्थना झाली की एकच मोठा पाव मोडून सगळ्यांनी वाटून खायचा. तो पाव पिढ्यान्‌पिढ्या याच बेकरीतून जाई. पण ज्यांना एकदा क्षयासारखा आजार झाला, त्यांना त्या पावातला घास मिळत नसे. बरे झाले तरी नाही, आणि मरेपर्यंत नाही. ते बाहेर व्हरांड्यात बसत आणि त्यांच्यासाठी लहान लहान पाव वेगळे येत. चुकून मिसळू नयेत म्हणून त्या पावांवर खूण असे. पाव फुगून तयार झाला, आता भट्टीत जाणार, अशा वेळी अंगठा पिठात बुडवून मधोमध अगदी तळापर्यंत दाबायचा. कमी दाबला तर भट्टीत फुगून खूण भरून येते. लोक त्याला अंगठ्याचा पाव म्हणत. लग्न जुळवायला निघालेले लोक आधी चौकशी करीत, त्या घरी अंगठ्याचा पाव जातो का?

हा अंगठा लग्न होऊन आल्यापासून मोठीबाईंचा होता.

दुपारी कापडवाले आले. कापडाचे दुकान त्यांचे, आणि प्रार्थनाघराचे प्रमुखही तेच. माणूस वाईट नव्हता. ग्रंथ वाचताना त्यांचा आवाज असा भरून येई की ऐकणाऱ्या बायका डोळे पुसत. कोणाच्या घरी काही झाले की हे सर्वांत आधी हजर. आत्ताही ते सुनेसाठी फळे घेऊन आले होते. पिशवी त्यांनी दुकानाच्या फळीवर ठेवली. आत नेऊन देण्याचा प्रश्नच नव्हता.

"तब्येत कशी आहे सूनबाईंची?"

"बरी आहे, काका," मुलगा म्हणाला.

"देवाची कृपा. उद्या प्रार्थनेला आणा हो तिला. आम्ही व्हरांड्यात जागा केलीय. ऊन येत नाही त्या कोपऱ्याला, तिथं." ते मोठीबाईंकडे वळले. "वहिनी, तेवढा एक लहान पाव वाढवा उद्यापासून."

मोठीबाई पाव मोजत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बरं."

"आणि मुलीचं काय ठरवलंत?"

"कुठल्या मुलीचं?"

"भिंगरीचं. वहिनी, आपण घरचे म्हणून बोलतो. आई अंगठ्याच्या पावाची आणि मुलगी त्याच घरात वाढलेली, म्हटल्यावर पुढे कोण विचारणार तिला? तिच्या आत्याकडे ठेवा. शाळा तिथली चांगली आहे. मी बोललोय त्यांच्याशी. उद्या प्रार्थनेला येतायत, तिथूनच घेऊन जातील."

"किती दिवस?"

"दिवस कसले वहिनी! लग्न होईपर्यंत."

"आणि आईला भेटायचं झालं तर?"

"लांबून भेटायला कोणाची ना आहे?" कापडवाले खरोखरच मऊ आवाजात म्हणाले.

मोठीबाईंनी मुलाकडे पाहिले. तो काचेवरचा डाग पुसत होता. काच मघाशीच पुसून झाली होती. "काका म्हणतात ते बरोबर आहे, आई," तो म्हणाला.

कापडवाले गेल्यावर मोठीबाईंनी विचारले, "डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं तुला?"

"मला पटतंय गं त्यांचं सगळं. पण आपलं दुकान खाण्याचं आहे. लोक डॉक्टरीणबाईंना विचारून पाव घेतात का?"

"मला तिचं विचारायचं होतं. भिंगरीच्या आईचं."

"मी सांगतो तिला."

संध्याकाळी त्याने मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून सांगितले. मोठीबाई शेजारच्या खोलीत पिठाच्या चाळण्या धूत होत्या. सून रडेल, भांडेल, निदान का म्हणून विचारेल, असे त्यांना वाटत होते. तिने पांघरुणाची घडी केली. मग म्हणाली, "ताईंना सांगा, निजताना दिवा मालवू नका. अंधारात घाबरते ती. आणि दुधावरची साय तिला चालत नाही, काढून द्या म्हणावं."

"सांगतो."

"आणि ती विचारेल मी का नाही आले. तर... काहीतरी सांगा. मी पुन्हा दवाखान्यात गेले म्हणून सांगा."

"बरं."

मोठीबाईंच्या हातातली चाळणी धुऊन झाली होती. तरी त्या ती धूतच राहिल्या.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी पीठ मळायला घेतले. मोठ्या पावाचे पीठ आणि लहान पावांचे पीठ एकच असते, एकाच लाकडी काठवटीत मळतात, एकाच खमिराने फुगते. वेगळेपण नंतर येते, हाताने.

त्यांनी अध्याय म्हणायला सुरुवात केली. तळहाताने ढकलायचे, बोटांनी ओढून घ्यायचे, पुन्हा ढकलायचे. काही ओळी झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपल्या आवाजाबरोबर दुसरा आवाज आहे. भिंतीपलीकडे मागच्या खोलीत सून जागी होती, आणि ती तोच अध्याय म्हणत होती. आजारी पडण्यापूर्वी रोज पहाटे या काठवटीच्या दुसऱ्या बाजूला ती उभी असे. दोघींचा श्वास एकाच ठिकाणी तुटे. आताही तसाच तुटत होता. मोठीबाईंना बरे वाटले, हात हलका झाला. अर्धा अध्याय झाला तसे त्यांनी पीठ झाकून ठेवले. पलीकडचा आवाजही थांबला.

पीठ फुगून आल्यावर उरलेला अध्याय पुन्हा दोघींनी सुरू केला. मोठा गोळा वळून झाला. लहान गोळे वळून झाले. एक जास्त. सगळे थोडे विसावून पुन्हा फुगले. मोठीबाईंनी अंगठा कोरड्या पिठात बुडवला.

"दाराशी आलेल्याला विचारू नकोस, तू कोण होतास," दोन्ही आवाज म्हणत होते. "आजारातून उठून आला असेल, तर आपल्या ताटाच्या कडेला त्याला जागा कर."

मोठीबाईंचा अंगठा पहिल्या लहान पावात उतरला.

"तुझा घास आणि त्याचा घास..."

पलीकडचा आवाज थांबला होता.

"...एकच असो," मोठीबाई एकट्याच म्हणाल्या. अंगठा पावाच्या तळाला टेकलेला होता.

त्या तशाच उभ्या राहिल्या. ही ओळ आणि अंगठा नेहमी एकाच वेळी येत. सासूबाईंनी दाखवून दिलेली वेळच ती होती: घास एकच असो म्हणायचे आणि दाबायचे, म्हणजे पाव जास्त फुगून बसत नाही. लग्न होऊन आल्यापासून दर आठवड्याला त्यांच्या तोंडाने ते म्हटले होते आणि त्याच क्षणी हाताने हे केले होते. तोंडाने हाताकडे कधी पाहिले नाही, हाताने तोंडाचे कधी ऐकले नाही. ग्रंथ पाठ होता. इतका पाठ होता की तो त्यांना ऐकूच येत नव्हता.

डॉक्टरीणबाईंचा सूक्ष्मदर्शक म्हणत होता, हिला जवळ घ्या. ग्रंथही तेच म्हणत होता. या दोघांच्या विरुद्ध उभा होता तो फक्त हा अंगठा.

त्यांनी अंगठा बाहेर काढला आणि मागच्या खोलीच्या दाराशी गेल्या.

"का थांबलीस?"

सून भिंतीला टेकून बसली होती. "पुढचं आठवेना, आई."

"खोटं बोलू नकोस. मला विसरायला होईल, तुला नाही व्हायचं."

सून खाली पाहत राहिली. "माझ्या तोंडून ते बरं दिसत नाही."

"ऊठ. हात धू आणि इकडे ये."

"आई, मी... तिकडे? आज प्रार्थनेचा पाव आहे."

"म्हणूनच म्हणते."

सून भट्टीच्या खोलीत आली. मोठीबाईंनी तिला मोठ्या पावासमोर उभे केले, तिचा हात धरून अंगठा पिठात बुडवला. "दाब."

"लोक खाणार नाहीत, आई."

"नको खाऊ देत. दाब. तळापर्यंत. नाहीतर भरून येतो, माहिताय ना?"

सुनेने दाबला. मोठीबाईंनी तिच्या शेजारी आपला दाबला. मग दोघींनी त्या मोठ्या पावावर अशा काही खुणा केल्या की कुठेही बोट ठेवायला सपाट जागा उरली नाही.

मुलगा लाकडे घेऊन आत आला. त्याने आधी बायकोकडे पाहिले, मग पावाकडे. "आई! हे काय करून ठेवलंस?"

"पाव."

"दुसरं पीठ मळायला आता वेळ तरी आहे का?"

"वेळ असता तरी मळलं नसतं."

"अगं, लोक काय म्हणतील? उद्या गिऱ्हाईक फिरकणार नाही दारात! आपण खायचं काय?"

"पाव," मोठीबाई पुन्हा म्हणाल्या. "बेकरी आहे आपली." मग त्यांचा आवाज चढला. "आणि ऐक. मी हा ग्रंथ रोज वाचते म्हणून लोक माझ्या पाया पडतात. तो मी आज पहिल्यांदा वाचला. मला लाज वाटते रे. तुला वाटत नसेल तर लाकडं ठेव तिथं आणि जा. भट्टी मी बघते."

त्याने लाकडे ठेवली. पण तो गेला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला. मदत त्याने केली नाही, आणि अडवलेही नाही.

*

प्रार्थनाघराच्या व्हरांड्यात कुलूपवाला पाय पसरून बसला होता. हा तरुणपणी आजारी पडला आणि बरा झाला, त्याला आता कित्येक वर्षे झाली होती. शेजारी व्हरांड्यातल्याच दोन म्हाताऱ्या बायका होत्या. प्रार्थनाघराच्या दाराचे कुलूपही त्यानेच बसवले होते. बाहेरची बाजू बाहेर बसून. आतल्या बाजूसाठी अख्खे दार काढून व्हरांड्यात आणून दिले होते.

"या या सूनबाई," त्याने सरकून जागा केली. "हा कोपरा उत्तम. आतलं प्रवचन इथं अर्धंच ऐकू येतं, म्हणून झोप चांगली लागते."

"ती आत बसणार आहे," मोठीबाई म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही हातांवर कापडाने झाकलेला मोठा पाव होता. "तुम्हीही चला."

"कुठं?"

"आत."

"मस्करी नको हं मोठीबाई. गुडघा धरलाय माझा. एकदा उठलो आणि पुन्हा बसवलंत तर फार दुखेल."

मोठीबाईंनी पावावरचे कापड काढले. कुलूपवाल्याने वाकून पाहिले. त्याची चेष्टा थांबली. बराच वेळ त्याची नजर त्या खड्ड्यांवर राहिली.

"हा अंगठा तुमचा?"

"अर्धे माझे, अर्धे हिचे."

"आणि आधीचे? आमच्या पावावरचे?"

"माझेच."

"असं," तो हळू म्हणाला. "मला वाटायचं, साचा असेल काहीतरी. लोखंडाचा. माणसाचा अंगठा असेल, असं कधी मनात आलं नाही."

मोठीबाईंनी पाव छातीशी धरला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं चुकलं."

कुलूपवाल्याने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते कळले नाही. "मी नाही येत आत. निदान आज नाही. तुम्ही जा."

मोठीबाई सुनेला घेऊन आत गेल्या.

आत बाकांवर गर्दी होती. भिंगरी आत्याशेजारी बसली होती, पायाशी तिच्या कपड्यांची पिशवी. आईला दारात पाहून ती उठली. आत्याने तिचा हात घट्ट धरला.

कापडवाल्यांनी वाचन थांबवले. "वहिनी, सूनबाईंची जागा बाहेर केलीय."

"पाहिली. चांगली आहे. पण ती इथं बसेल." मोठीबाईंनी पाव मेजावर ठेवला. "आणि सगळ्यांना आधीच सांगते, नंतर फसवलं म्हणू नका. हा पाव हिनं माझ्याबरोबर केलाय. दवाखान्यानं ही निरोगी म्हणून सांगितलंय, मी हिच्या हातचा पहिला घास खाणार आहे. ज्याला खायचाय त्यानं खावा."

पुढच्या बाकावर कुजबुज उठली. एक जण उठून खिडकीशी गेला, जणू हवाच बिघडली. मागून कोणी बाई म्हणाली, "डोकं फिरलं हिचं. सून परत आली आणि सासूलाही घेऊन बुडाली."

"वहिनी, हे प्रार्थनाघर आहे," कापडवाले म्हणाले.

"म्हणून तर आले. भाऊजी, पाहुणचाराचा अध्याय काय सांगतो?"

"तुम्हाला मी काय सांगणार, तुमचा पाठ आहे."

"तरी सांगा. आजारातून उठून आलेल्याचं काय करायचं?"

कापडवाल्यांनी हातातला ग्रंथ मिटला. मग त्यांचा तोच भरलेला आवाज आला. "वहिनी, तिथं आजार म्हणजे मनाचा आजार. ताट म्हणजे अंतःकरण. शब्दाला धरून बसलं तर ग्रंथ कळत नाही. त्याचा अर्थ खोल आहे."

"असेल. मी जन्मभर अर्थच ऐकत आले, भाऊजी. तुमचा आवाज इतका गोड की ऐकता ऐकता करायचं राहून गेलं." मोठीबाईंचा आवाज आता सगळ्या खोलीला ऐकू जात होता. "मला खोल नको. मी पाव भाजणारी बाई. पीठ मळायचं म्हटलं तर पीठ मळते, मनात मळून पाव होत नाही. जागा कर म्हटलंय, तर जागा करायची. कोणाच्या शेजारी करू, तेवढं सांगा."

"उद्यापासून तुमच्याकडचा पाव या घरात येणार नाही," कापडवाले म्हणाले. आता आवाज मऊ नव्हता. "आणि बाहेरही कोणी घेणार नाही. विचार करा. तुमच्या नातीचा करा."

"तिचाच केला. तिची आई जिवंत आहे आणि तिला ती लांबून दाखवणार आहात तुम्ही. ग्रंथात कुठल्या पानावर आहे हे? दाखवा. मी वाचते, माझे डोळे अजून चांगले आहेत."

सून मोठीबाईंच्या मागे उभी होती. हात तोंडाकडे जायला निघाला होता. तो तिने खाली घेतला. मोठीबाईंना ओलांडून ती एक पाऊल पुढे आली.

"मला घास नका देऊ," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होते. "त्याला माझी ना नाही. माझी मुलगी मात्र मी देणार नाही. काल मी हो म्हटलं होतं. ते मी परत घेते."

"हिला बाहेर न्या," कापडवाले मुलाला म्हणाले. "आणि दार लावून घ्या."

मुलगा शेवटच्या बाकाजवळ उभा होता. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर आले. तो पुढे चालत आला. आधी आत्याच्या पायाजवळची पिशवी त्याने उचलली. मग म्हणाला, "ताई, हात सोड तिचा. ती घरी राहील." आत्याने काही म्हणायला तोंड उघडले, पण हात सोडला. भिंगरी धावत सुटली आणि आईच्या कमरेला येऊन आदळली. ती अशी जोरात आदळली की सून मागे झुकली, आणि मग तिने वाकून लेकीला उचलले. दवाखान्यात गेल्यापासून तिने तिला उचलले नव्हते. मुलगी आता जड झाली होती. तरी तिने उतरवले नाही.

"दार लावायची गरज नाही, भाऊजी," मोठीबाईंनी पाव पुन्हा हातावर घेतला. "आम्ही बाहेर बसतो. बाहेर मी कोणाचं तरी देणं लागते."

*

व्हरांड्यातल्या गार फरशीवर मोठीबाई कुलूपवाल्यासमोर बसल्या. सून बसली, मुलगा बसला. आईच्या मांडीवरून भिंगरी उठायलाच तयार नव्हती. आत प्रार्थना पुन्हा सुरू झाली होती. कापडवाल्यांचा आवाज यायला लागला, पण तो नेहमीसारखा भरून येत नव्हता.

थोड्या वेळाने आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई स्वतःची खुर्ची ओढत बाहेर आल्या. "मला फरशीवर बसवत नाही," त्या कोणाकडेही न पाहता म्हणाल्या. त्यांच्या मागून एक तरुण जोडपे आले. नवरा थांबून थांबून येत होता, बायको त्याला बाहीला धरून आणत होती. बाकी कोणी आले नाही. बाके भरलेलीच राहिली. सत्य एवढेच आहे आणि ते फुगवून सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवशी गाव बदलले नाही. ज्यांनी ग्रंथ रोज वाचला, ऐकला, त्यावर डोळे पुसले, त्यांतले बहुतेक जण तो मांडीवर घेऊन जागीच बसून राहिले. वाचकहो, आपणही कुठल्या तरी बाकावर बसलेलो असतोच. आपल्या घरातला पेला एकदा हातात घेऊन त्याच्या काठावर ओरखडा आहे का, ते पाहावे.

सुनेने पाव मोडला. पहिला घास मोठीबाईंना दिला. त्यांनी तो सगळ्यांच्या समोर खाल्ला. दुसरा तिने कुलूपवाल्यासमोर धरला. त्याने तो लगेच घेतला नाही.

"माफ केलं असं समजू नका," तो मोठीबाईंना म्हणाला.

"नाही समजत."

"भूक लागलीय म्हणून खातोय."

"खा."

त्याने घास तोंडात टाकला, चावला, आणि त्याच्या कपाळावर आठी आली. तो काही बोलायच्या आत भिंगरीने आपला घास तोंडातून काढून हातावर घेतला आणि निरखून पाहिला.

"आजी, पाव कच्चा आहे."

मोठीबाईंनी पावाचा तुकडा उचलून प्रकाशात धरला. ती म्हणत होती ते खरे होते. इतके अंगठे दाबल्यावर पिठातली सगळी हवा निघून गेली होती, आणि मधला भाग चिकट राहिला होता. जन्मात त्यांनी असा वाईट पाव कोणाला दिला नव्हता.

"कच्चाच आहे," त्या म्हणाल्या.

सून हसायला लागली. तोंड न झाकता, सगळ्यांसमोर.

"खा तसाच," मोठीबाईंनी भिंगरीला दटावले. मग सुनेकडे वळल्या. "पुढच्या वेळी भट्टी जरा जास्त वेळ तापवू. आणि तू पहाटे लवकर उठ गं. एकट्या हातानं एवढ्या माणसांचा पाव होत नाही माझ्याच्यानं."